एकशे एक चिठ्ठ्या

आमच्या यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला लग्नानंतर नवव्या दिवशी कळलं. आठव्या दिवशी मी यांना म्हटलं होतं, "सासूबाईंनी विणलेला तो निळा स्वेटर मला टोचतो हो, पण हे आपल्या दोघांतच राहू द्या." नवव्या दिवशी सकाळी उठून बघते तर सासूबाई खिडकीत बसून स्वेटर उसवतायत. पुढे धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. तिने यांना जिन्यात गाठून बजावलं, "दादा, तूर्त कोणाला बोलू नकोस हं." हे जिना चढून घरात येईपर्यंत खालच्या शेजारीणबाई अभिनंदन करायला यांच्या मागोमाग दारात हजर. नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

मनात खोट नाही हो. कोणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे, पण पोटात काही राहिलं की यांना अपचनच होतं. घरी आले की बूट काढायच्या आधी सुरू. बसमध्ये कोण भेटलं, त्याच्या गुडघ्याचं काय झालं, साहेबांनी कोणाला झापलं, चहात साखर किती होती. मी शिवणयंत्रावर बसलेली असते. मान हलवत राहते. एकतीस वर्षांत मी "हो का?" आणि "मग?" एवढ्या दोन शब्दांवर संसार केला म्हटलं तरी चालेल.

अशा माणसाकडे एका मोठ्या संशोधनाचं गुपित सोळा महिने सांभाळायला दिलं, असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसले होते.

यांचं काम सांगते, कारण विद्यापीठाच्या कार्यशाळेत आहेत म्हटलं की लोकांना वाटतं खुर्च्यांचे पाय ठोकत असतील. ॲल्युमिनियमची एक गोल ताटली असते, सायकलच्या चाकापेक्षा जराशी मोठी. तिला यंत्राने हजार बारीक भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोक म्हणजे आकाशातली एक दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव. त्या भोकांत हे काचेचे दोरे खोवतात. हाताने, एकेक करून. दोरा केसाहून थोडा जाड, वाकवला की मोडला. संध्याकाळी ताटली गाडीत बसून डोंगरावरच्या दुर्बिणीकडे जाते. तिथे प्रत्येक दीर्घिकेचा उजेड आपापल्या दोऱ्यातून खाली उतरतो आणि ती आपल्यापासून किती लांब आहे ते त्यावरून काढतात. सकाळी ताटली परत, की दोरे उपटून पुढच्या ताटलीत. हे स्वतः त्या डोंगरावर कधी गेलेले नाहीत. सगळं आकाश दिवसाउजेडी, ट्यूबलाइटखाली, मान मोडेपर्यंत भरायचं. आणि घरी मी सुईत दोरा ओवून द्या म्हटलं की यांना चष्मा सापडत नाही!

वापरून झालेली एक ताटली यांनी मला आणून दिली. मी ती ओट्यावर चार रबरी पायांवर बसवली. तिच्यावर भांडी फार छान निथळतात.

ही सगळी ताटल्यांची उठाठेव ज्यांच्यासाठी, त्या म्हणजे मॅडम. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस नेहमी पेन्सिलने वर खोचलेले, आणि तीच पेन्सिल दिवसभर शोधत असतात. मला एकदा विभागाच्या चहापानाला भेटल्या तेव्हा मी सरळ विचारलं, "तुम्ही नेमकं शोधताय काय?" तर हातातला कप ठेवून नीट सांगत बसल्या. विश्व फुगतंय, हे म्हणे आता जुनं झालं. पुढची गोष्ट अशी, की फुगण्याचा वेग वाढतोय. कोणीतरी आतून ढकलतंय. कोण ते ठाऊक नाही. त्याला म्हणतात कृष्ण ऊर्जा, डार्क एनर्जी.

"म्हणजे काय?" मी म्हटलं.

"काकू, नाव ठेवलंय. ओळख अजून व्हायचीय."

हे मला आवडलं. उगाच आव आणला नाही बाईंनी. त्यांचा प्रश्न असा होता, की हे ढकलणं पहिल्यापासून आजपर्यंत तेवढंच आहे, की हळूहळू दमत चाललंय? ते कळायला लाखो दीर्घिकांचा नकाशा लागतो. दीर्घिका वाटेल तशा विखुरलेल्या नसतात म्हणे. एका ठरावीक अंतरावर त्यांच्या जोड्या जरा जास्त सापडतात. ते अंतर म्हणजे मॅडमची फूटपट्टी. जवळच्या, लांबच्या, अगदी दूरच्या दीर्घिकांत ती पट्टी केवढी दिसते ते मोजायचं, म्हणजे विश्व कधी किती फुगलं ते कळतं. त्याची शेवटी कागदावर एक रेघ येते. रेघ आडवी आली तर ढकलणं कायम तेवढंच. तिरपी आली तर बदलतंय. नऊ वर्षं त्या एका रेघेसाठी घातली होती बाईंनी.

आणि इथे त्यांची एक गंमतशीर पद्धत आहे. खरी रेघ स्वतःलाच दिसू द्यायची नाही! एक गुप्त आकडा घ्यायचा, संगणकाने तो सगळ्या मोजमापांत मिसळायचा, की रेघ खऱ्या जागेवरून सरकते, कलते. किती सरकली, कुठल्या बाजूला, कोणालाच ठाऊक नाही. त्या सरकलेल्या रेघेवरच सगळी तपासणी करायची. चुका शोधायच्या, दुरुस्त करायच्या. आता काही उरलं नाही, अशी खात्री झाली की एक दिवस ठरवून गुप्त आकडा वजा करायचा आणि जी रेघ येईल ती मुकाट्याने जगाला सांगायची. त्यानंतर एक टिंबसुद्धा बदलायचं नाही.

"एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?" मी यांना विचारलं.

"तू वजनकाट्यावर कशी उभी राहतेस?" हे म्हणाले.

खरं सांगायचं तर काट्याने वजन कमी दाखवलं की मी लगेच उतरते. जास्त दाखवलं की चप्पल काढते, काटा दुसऱ्या फरशीवर ठेवते, परत चढते. शास्त्रज्ञही माणसंच. मनासारखं उत्तर दिसलं की तपासणं थांबतं. म्हणून उत्तरच झाकून ठेवायचं.

तर हा गुप्त आकडा कोणाकडे ठेवायचा? निकालाशी ज्याला देणंघेणं नाही असा माणूस हवा. मॅडमनी आमच्या यांचं नाव घेतलं, आणि विभागात म्हणे हशा पिकला. मॅडमच्या हाताखालचा एक चष्मेवाला मुलगा आहे, हुशार, पण बुटाची एक नाडी कायम सुटलेली. तो म्हणाला, "मॅडम, काकांना सांगण्यापेक्षा दारावर फलक लावू, स्वस्त पडेल."

मॅडम हसल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी यांच्या हातून एका ताटलीत दोन दोऱ्यांची अदलाबदल झाली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आलंही नसतं. पण हे तासाभरात स्वतःच मॅडमच्या खोलीत जाऊन सांगून मोकळे झाले. मॅडमना ते आठवत होतं. त्या म्हणाल्या, "ज्यांच्या पोटात काही राहत नाही त्यांच्या पोटात खोटंही राहत नाही. मला तसाच माणूस हवा. गप्प बसणं काय, शिकता येतं."

हे मला यांनीच सांगितलं, घरी येऊन, बूट न काढता. अठ्ठावन्न वर्षांत या माणसावर कोणी एक गुपित सोपवलं नव्हतं. घरातसुद्धा नाही. मीही नाही. मला त्या वेळी जरा लाजच वाटली.

चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, आणि डबा आमच्या घरातून गेला. त्या डब्याचा इतिहास आहे. आमच्या दोघी मुली लहान असताना खिडकीजवळ कोण झोपणार, भांडी कोण घासणार, सगळ्यावरून हाणामारी. मग मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायला लागले. एकदा धाकटीने भांड्यांची चिठ्ठी निघाली तशी हळूच परत टाकून दुसरी काढली. मी बघितलं. त्या दिवशी तिने दोन्ही वेळची भांडी घासली, आणि नियम कायमचा ठरला.

चष्मेवाल्याने वजा पन्नासपासून अधिक पन्नासपर्यंत एकशे एक चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या. यांनी कार्यशाळेचं दार आतून लावलं, डबा हलवला, एक चिठ्ठी काढली. आकडा संगणकात भरला. भरताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. चिठ्ठी पाकिटात घातली, चिकटपट्टी लावली, वर सही, आणि पाकीट आपल्या लोखंडी कपाटात. उरलेल्या शंभर चिठ्ठ्या यांनी तिथेच पत्र्यावर जाळल्या, म्हणजे कुठली कमी आहे ते मोजायला कोणाला मिळू नये.

त्या संध्याकाळी हे घरी आले आणि बूट काढले. आधी बूट काढले! मी शिवणयंत्र थांबवून बघत राहिले. जेवणं झाली. मी भांडी घासतेय, हे पुसतायत. मध्येच म्हणाले, "अगं, चिठ्ठी टाकली आणि भलतीच निघाली, तर परत काढायची का?"

मला वाटलं धाकटीची जुनी गोष्ट आठवली. पातेल्याचा तळ खरवडत मी म्हटलं, "निघाली ती निघाली. मनासारखी येईपर्यंत काढत बसायचं तर चिठ्ठ्या कशाला टाकायच्या? सरळ मनाचंच करावं."

हे एकच बशी कितीतरी वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे."

तिथून पुढे या माणसाने जे तोंड मिटलं ते मिटलं.

सुरुवातीला मला मजा वाटली. यांना निवडक गप्प बसता येत नाही, हे मला माहीत होतं. एक गोष्ट राखायची तर सगळंच बंद करावं लागणार. पण पुढे आकड्यांची गंमत सुरू झाली. तोंडातून चुकून तो आकडा निसटेल या धास्तीने यांनी आकडेच टाकून दिले. "किती वाजले हो?" विचारलं तर मनगट माझ्यापुढे धरायचे. भाजीवालीने "बटाटे किती?" विचारलं तर पिशवीकडे बोट, "भरा." "एवढे?" "तेवढेच." आम्ही तीन आठवडे बटाटे खाल्ले. थोरलीने फोनवर विचारलं, "बाबा, आईच्या चष्म्याचा नंबर सांगा ना." यांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

विभागातल्या पोरांनी खडे टाकून बघायचे ते बघितले. "काका, मान हलवा नुसती. अधिक की वजा?" हे मान धरून बसायचे, दोन्ही हातांनी. चष्मेवाल्याने पैज लावली होती, काका महिनाभरात बोलतील. महिना गेला, दोन गेले. तो स्वतः येऊन यांना चहा पाजून गेला.

सहा महिन्यांनी मला मजा वाटेनाशी झाली. घर कसं ओकंओकं. यंत्राची टकटक तेवढी. बसमध्ये कोण भेटलं, गुडघ्याचं काय झालं, काही पत्ता नाही. मी "मग?" म्हणायची आणि पुढे काही यायचंच नाही. शेवटी चिडून म्हटलं, "अहो, आकडा नका सांगू, पण माणसासारखं बोला तरी!" तर म्हणाले, "एकदा सुरू झालो तर थांबता येणार नाही गं. तू ओळखतेस मला." ओळखते, म्हणून तर गप्प बसले. पण सांगते, वाईट वाटायचं.

रोज ताटल्या नेताना यांना विभागाच्या एका लांब खोलीवरून जावं लागे. तिथे भिंतीवरच्या पडद्यावर ती रेघ. रेघ तिरपी दिसत होती. सगळे तिच्याभोवती उभे राहून वाद घालायचे, आणि पोरं बिनधास्त म्हणायची, "हा तिरपेपणा चिठ्ठीचा आहे. पाकीट उघडलं की रेघ जागेवर बसेल." हे ताटली छातीशी धरून, मूग गिळून पुढे.

दहाव्या महिन्यात एका रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात मॅडम. हातात फुलांचं रोपटं. "इकडून जात होते," म्हणाल्या.

आमच्या गल्लीतून कुठेच जाता येत नाही, ती पुढे भिंतीला संपते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार, मी लगेच ओळखलं. पण पाहुणा तो पाहुणा. चहा टाकला. बाई स्वयंपाकघरातच स्टुलावर बसल्या. ओट्यावर ताटली बघितली, वर उलटे घातलेले कप, आणि पोटभर हसल्या. "ही कुठल्या भागाची आहे सांगू? थांबा, कडेला क्रमांक असेल." शोधलासुद्धा. मग हसता हसता थांबल्या, आणि एकदम रडवेल्या दिसायला लागल्या.

"काका, एक विचारू?"

हे उभेच होते. पाचावर धारण बसलेली.

"दुसरा एक गट दोन महिन्यांत त्यांचं उत्तर जाहीर करतोय. आमची रेघ तिरपी दिसतेय. तो तिरपेपणा चिठ्ठीमुळे असेल, तर काही घाबरायचं कारण नाही, मी उद्या पाकीट उघडते आणि आम्ही पहिले येतो. पण रेघ खरंच तिरपी असेल, तर एवढी मोठी गोष्ट अशी घाईने सांगता येत नाही, अजून सहा महिने तपासायला हवं. नऊ वर्षं झाली, काका. मला आकडा नको. फक्त दिशा सांगा. चिठ्ठीने रेघ वर ढकलली की खाली?"

एवढी मोठी बाई, आमच्या स्टुलावर, पदरी नऊ वर्षांचं काम घेऊन, एक शब्द मागतेय. मला वाटलं, सांगून टाका हो! आयुष्यभर नको तिथे बोललात, आज एकदा हवं तिथे बोला. मी यांना डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

यांचे ओठ हलले. मी बघितलं, हलले. मग मिटले. यांनी मॅडमसमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, वचन तुम्हालाच दिलंय. आणि ते तुमच्यापासूनच राखायचंय. माझ्याने नाही व्हायचं."

मॅडमनी चहा पूर्ण प्यायला. कप स्वतः विसळून ताटलीवर उलटा घातला. दारात गेल्यावर वळल्या. "विचारावंसं वाटलं, याचा अर्थ माझी अजून खात्री नाही. म्हणजे सहा महिने तपासायलाच हवं. आणि काका, मी आज विचारायला आले होते, हे उद्या सगळ्यांना सांगणार आहे मी. तुमच्या पोटात ठेवायला आणखी एक नको."

दार लागलं तशी मी उसळले. "एवढं काय आभाळ कोसळलं असतं? वर नाहीतर खाली! दोनातला एक शब्द!"

हे खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. थांबेचनात. मी म्हटलं, झालं, माणूस हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खरंच सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की मी काकांना विचारलं आणि काकांनी नाही म्हटलं. त्यानंतर पोरांनीही खडे टाकणं बंद केलं. दोन महिन्यांनी त्या दुसऱ्या गटाचं उत्तर आलं. इतकं अंधुक, की त्यात आडवी रेघही बसत होती आणि तिरपीही. पण पहिला नंबर त्यांचा लागला तो लागलाच. मॅडम सहा महिने तपासत राहिल्या. काही भाग पुन्हा मोजला, त्यासाठी यांनी चाळीस ताटल्या नव्याने भरल्या.

पाकीट उघडायच्या दिवशी मला बोलावणं होतं. सकाळी अकराची वेळ. लांब खोली गच्च भरलेली, मागचे लोक टेबलांवर चढलेले. पडद्यावर ती तिरपी रेघ. मॅडमच्या केसांत त्या दिवशी दोन पेन्सिली. चष्मेवाला संगणकापाशी, बोटं तयार ठेवून. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मीच शिवलेला, आणि कपाटातून आणलेलं पाकीट दोन्ही हातांत धरलं होतं. मॅडमनी सही तपासली, चिकटपट्टी तपासली, मान डोलावली.

यांनी पाकीट फाडलं. चिठ्ठी उलगडली. सोळा महिन्यांनी पहिला आकडा यांच्या तोंडातून निघाला.

"शून्य."

चष्मेवाल्याने भरायला उचललेलं बोट मागे घेतलं.

"काका, नीट वाचा," चष्मेवाला म्हणाला. "दहा आहे का? एक पुसला गेला असेल."

"शून्यच आहे बाळा. तुझंच अक्षर."

त्याने चिठ्ठी हातात घेतली आणि पांढराफटक पडला. "शून्याची चिठ्ठी... ती मी काढून टाकायला हवी होती. पन्नास वजा, पन्नास अधिक, शंभरच लिहायच्या होत्या. मी ओळीने लिहीत गेलो." मॅडम म्हणाल्या, "भर." त्याने शून्य वजा केलं. पडद्यावरची रेघ जिथे होती तिथेच राहिली. तिरपी. जरासुद्धा हलली नाही.

आधी मागून कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना. कारण सगळ्यांना एकदमच कळलं. सोळा महिने भिंतीवर खरी रेघ होती. सगळे तिला खोटी समजून तिच्यातल्या चुका शोधत होते, आणि ती टिकली होती. मॅडम खुर्चीत बसल्या. "खरी आहे हे ठाऊक असतं तर एवढं ठोकून बघितलं नसतं आपण," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्या महिन्यातच नाचत सुटलो असतो. आणि कोणी विश्वास ठेवला नसता. बरोबरच असतं त्यांचं." मग यांच्याकडे बघितलं. "काका, मी त्या रविवारी दिशा विचारली..."

"दिशाच नव्हती, मॅडम," हे म्हणाले. "वर म्हटलं असतं तर खोटं. खाली म्हटलं असतं तर खोटं. दोन्ही नाही म्हटलं असतं तर सगळंच सांगितल्यासारखं. मग चहा दिला."

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

चष्मेवाला अजून चिठ्ठीच बघत होता. "पण काका, शून्य निघाल्यावर तुम्ही दुसरी का नाही काढली?"

"विचारायचं होतं मला. पण विचारलं की सांगितलंच की! कोणाला विचारणार? म्हणून हिला विचारलं." आणि भर सभेत यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही म्हणाली, निघाली ती निघाली."

सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली. मॅडमसुद्धा. "काकू, तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणाले असेन," मी म्हटलं. "भांडी घासताना मी बरंच काही म्हणते."

खोली हसली. मला मात्र हसू आलं नाही. पातेल्याचा तळ खरवडताना, मागे न बघता टाकलेलं एक वाक्य. या माणसाने ते उचललं आणि त्याच्या जोरावर सोळा महिने रोज त्या खऱ्या रेघेवरून, तोंड मिटून, ताटल्या नेल्या. आणि मी घरी बटाट्यांवरून भांडत होते.

मॅडमनी निकाल जगाला सांगितला. आता आणखी दहा ठिकाणचे लोक तो मोडून बघतायत, आणि बघायलाच हवा, असं मॅडमच म्हणतात. कदाचित ते ढकलणं खरंच दमत चाललंय, कदाचित नाही. पण त्यांची रेघ प्रामाणिक आहे, यात कोणाला शंका नाही. चिठ्ठीची ती गोष्ट त्यांनी शोधनिबंधात जशीच्या तशी लिहिली. यांचा उल्लेख 'कार्यशाळेतील सहकारी' असा आहे. यांनी ते पान नणंदेला दाखवलं. नणंद म्हणाली, "दादा, माझ्या लग्नाच्या वेळी कुठे गेला होतास?"

पाकीट उघडलं त्या दिवशी दुपारी आम्ही बसने घरी आलो. बसचा नंबर यांनी मोठ्याने वाचला. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, छत्तीस. एकतीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. घरात शिरले आणि बूट न काढताच सुरू झाले. पोरांनी कसं छळलं, चहा कितीदा पाजला, चाळीस ताटल्यांना किती दिवस लागले, दोरे किती मोडले, रविवारी मॅडम दारात दिसल्या तेव्हा छातीत कसं धडधडलं, एका मिनिटाला किती.

"आणि मला सांगा," मी मध्येच म्हटलं, "आकडा शून्य होता, तर बटाटे किती हे सांगायला काय धाड भरली होती?"

"आकडा कुठलाही असो, तोंड उघडलं की मी जातो वाहवत," हे म्हणाले. "तीन किलो हवे होते आपल्याला. पाच घेतले मी त्या वेळी. दोनदा."

मी दुपारचे कप विसळून ताटलीवर उलटे घालत होते. यांना वाटलं, मी कंटाळले. जरा थांबले, बूट काढायला वाकले.

"अहो, थांबलात का?" मी म्हटलं. "बोला ना पुढे."

हे वाकलेलेच माझ्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.